चुन्याच्या डबीतलं माप

आमच्या घराण्यात संशय मेंढरांबरोबर आला आणि मेंढरं विकली तरी तो राहिला. आजोबा दिवस मावळताना मेंढरं मोजायचे. मोजदाद बरोबर भरली तरी पुन्हा मोजायचे, कारण त्यांच्या मते बरोबर भरणं हीच शंकेची गोष्ट होती. कुणीतरी आपलं धष्टपुष्ट नेऊन त्याजागी मरतुकडं घातलं असणार. वडिलांनी शेती धरली, मी सुतारकाम धरलं, पण ती खोड सुटली नाही. माझ्या प्रत्येक रंध्यावर, पटाशीच्या आणि कानशीच्या मुठीवर तापल्या खिळ्यानं मारलेली खूण होती, मेंढराच्या कानाला मारतात तशी. संध्याकाळी मी हत्यारं मोजायचो, आणि ती बरोबर भरली की मलाही बरं वाटायचं नाही.

ही गोष्ट नव्वदीतली. साखर कारखान्याच्या सुतारखात्यात काही हंगाम काढून मी पाटसला हमरस्त्याच्या कडेला, पंक्चरच्या दुकानामागं पत्र्याचं शेड टाकलं आणि बेंजो करायला लागलो. लग्नाच्या वरातीत वाजतो तो बेंजो. एक लांबट लाकडी पेटी, वर ताणलेल्या तारा, आणि तारांवर टाइपरायटरसारखी बटणं. बटण दाबलं की तार खालच्या पडद्यावर टेकते आणि सूर निघतो. पडदा म्हणजे आडवी बारीक सळई. आम्ही सायकलचे स्पोक कापून घालायचो. सगळा खेळ त्या पडद्यांच्या जागांचा. पडदा केसभर सरकला की नवरदेव घोड्यावरून मागं वळून बघणार.

त्या काळी बेंजोची हत्यारं कुठं विकत मिळायची? सगळी घरचीच. ट्रकच्या तुटक्या पाट्याची पटाशी, हेक्साब्लेड घासून केलेली सुरी, पेटी चिकटवताना आवळून धरायला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या, आणि फळी दाबायला जीपचा जुना जॅक. पण या सगळ्यांची मालकीण होती एक सागवानी पट्टी. तिच्या काठाला खाचा होत्या, एकेका पडद्याची एकेक खाच. भजनी मंडळाकडून आणलेली बाजाची पेटी शेजारी ठेवून, सूर जुळवत, त्या खाचा पाडायला मला आठ महिने लागले होते. पट्टी बेंजोवर ठेवायची, खाचेखाचेतून पेन्सिल ओढायची, झालं.

आता एवढी मेहनत करून पट्टी उघडी ठेवायची म्हणजे घराला दार न लावण्यासारखंच. म्हणून मी तिच्यात एक खोट ठेवली. तारा जिथून सुरू होतात त्या हाडाच्या आडीला पट्टीचं टोक भिडवलं, तर सगळे पडदे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अलीकडं पडत आणि बेंजो बेसूर होई. आड आणि पट्टी यांच्यामध्ये शिसवाचा एक सूत जाडीचा तुकडा ठेवला तरच माप खरं. तो तुकडा मी माझ्या तंबाखू-चुन्याच्या डबीत ठेवला. डबी कायम माझ्या खिशात. पट्टी कुणी चोरली तर चोरू दे, बसेल आयुष्यभर बेसूर बेंजो करत, असं मनात येऊन मला गंमत वाटायची.

माझ्या जोडीला खुटबावचे एक मामा होते. नात्यातले नव्हेत; वयामुळं सगळेच त्यांना मामा म्हणत. दौंडला रेल्वेत डब्यांचं सुतारकाम करून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, कमी बोलणारे. हात असा, की करवत त्यांच्या हातात कुजबुजत चालायची. मी पेन्सिलीनं पडद्यांच्या रेघा मारायचो आणि मामा त्या रेघांवर करवतीनं चीर पाडून स्पोक बसवायचे. रेघा मारायची वेळ आली की मी म्हणायचो, "मामा, दोन चहा सांगून या." मामा उठून हॉटेलात जायचे. ते परत येईपर्यंत डबी उघडून, तुकडा ठेवून, रेघा मारून डबी पुन्हा खिशात. सात वर्षं हा चहा चालला आणि सात वर्षांत मामांनी एकदाही विचारलं नाही की हा माणूस ठरावीक वेळीच चहा का पितो. तेव्हा मला वाटायचं, भोळे आहेत.

मग एक दिवस एका तयार बेंजोवर मला माझी पेन्सिलीची रेघ दिसली. ती घासायची राहून गेली होती. चीर रेघेवर नव्हती, रेघेच्या अलीकडं, आडीच्या बाजूला होती. अर्धं सूत, पण होती. रेल्वेत जन्म काढलेला माणूस रेघ चुकतो? डोळे गेले म्हणावं तर सुईत दोरा ओवतात. मग मुद्दाम? माझं नाव खराब करायला? आमच्याकडं आधी बोलत नाहीत, आधी पाळत ठेवतात.

त्याच महिन्यात कुणीतरी सांगितलं की शिरूरला एकानं बेंजो करायला सुरुवात केलीय. मी दुसऱ्याच दिवशी एसटीनं शिरूर गाठलं. गिऱ्हाईक असल्यासारखा त्याच्या दुकानात बसलो, पेटीच्या लाकडाची चौकशी केली, तारा छेडल्या. ताकाला जाऊन भांडं लपवण्यातला प्रकार. तो आत गेल्यावर मी अंगठ्याच्या पेरानं आडीपासून पहिल्या पडद्याचं अंतर मोजलं. नंतर दुसऱ्याचं. माझंच माप होतं, अगदी तंतोतंत. परतीच्या एसटीत माझं डोकं एवढं तापलं होतं, की कंडक्टरनं तिकीट विचारलं तरी मला त्याचाच राग आला. पट्टी माझ्या शेडमध्ये, तुकडा माझ्या डबीत आणि माप शिरूरला. मधे माणूस एकच होता.

खंडेनवमीला आम्ही हत्यारं पुजायचो. गोणपाटावर सगळी मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, त्या दिवशी कामाला हात लावायचा नाही. मामा बौद्ध, ते पूजेत बसत नसत, पण दरवर्षी आपली हत्यारं आणून तेलाच्या फडक्यानं पुसून गोणपाटाच्या कडेला ठेवत. हत्याराला तेल द्यायला कुठला धर्म लागतो, असं ते एकदा म्हणाले होते. त्या वर्षी मी फुलं वाहत होतो, पण नजर त्यांच्या पिशवीवर होती. त्यांनी सगळं बाहेर काढलं, आणि पिशवी पालथी केली नाही. तशीच घडी घालून मागं ठेवली.

ते हात धुवायला हापशावर गेले तशी मी पिशवी उघडली. जेवणाच्या डब्याखाली, फडक्यात गुंडाळलेली पत्र्याची पट्टी होती. काठाला खाचा. मी ती माझ्या सागवानी पट्टीवर ठेवली. खाच न खाच जुळली. फक्त आडीकडचं टोक जास्त होतं, बरोबर एक सूत. म्हणजे खाचाच नव्हे, डबीतलं गुपितही म्हाताऱ्याला ठाऊक होतं.

मामा आले तेव्हा ती पट्टी माझ्या हातात होती. मी काय काय बोललो ते सगळं लिहायची आज मला लाज वाटते. शिरूरवाल्याला माप दिलंत, माझ्या रेघा सोडून चिरा पाडल्यात, खाल्ल्या घरचे वासे मोजलेत, असं बरंच. झेंडूची फुलं हत्यारांवर तशीच होती. मामा ऐकत राहिले. मला वाटलं होतं ते शपथ घेतील, रडतील, निदान भांडतील. त्यांनी एकच विचारलं.

"पिशवी तुम्ही उघडली का माझी?"

मी म्हणालो, "उघडली. आणि सापडलं."

त्यांनी माझ्या हातातली पत्र्याची पट्टी घेतली, हत्यारं पिशवीत भरली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले. गाडी यायला बराच वेळ लागला. त्यांनी एकदाही शेडकडं पाहिलं नाही, आणि हीदेखील मला गुन्ह्याची कबुलीच वाटली.

पुढं चिरा मीच पाडू लागलो, अगदी रेघेवर. पहिला बेंजो कासुर्डीच्या बेंजो पार्टीनं नेला आणि आठवड्यात परत आणला. खालचे सूर ठीक, वर जावं तसे चढे. मी म्हणालो, तुमच्या तारा हलक्या. दुसरा परत आला. मी म्हणालो, वाजवणाऱ्याचा कान बिघडलाय. तिसरा आला तेव्हा मला खात्री पटली, की मामांनी जाताना माझ्या पट्टीला काहीतरी करून ठेवलंय. मी भिंगाखाली एकेक खाच तपासली. काही नव्हतं. शेडचं कुलूप बदललं. चौथा बेंजोही चढाच निघाला. पाच तालुक्यांत नाव असलेला माणूस मी, आणि पार्ट्या आता शेडवरून सरळ शिरूरला जाऊ लागल्या. मनातून मी घाबरलो होतो.

शेवटी एका दुपारी, तपासायला काहीच उरलं नाही म्हणून, मी डबीतला शिसवाचा तुकडा उन्हात धरला. सात वर्षांत मी तो हातानं फक्त चाचपला होता. त्याच्या दोन्ही अंगांवर चुन्याचं कवच बसलं होतं, दगडासारखं घट्ट. नखानं निघेना. मापून पाहिलं तर तुकडा दीड सूत भरला. चुना थराथरानं चढत गेला होता आणि माझ्या रेघा वर्षावर्षाला पुढं सरकत गेल्या होत्या. साऱ्या जगावर पाळत ठेवली, पण स्वतःच्या डबीत डोकावून पाहिलं नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मग एवढी वर्षं बेंजो सुरात कसे राहिले, हे मला कुणी सांगायला नको होतं. रेघेच्या अलीकडं अर्धं सूत. ती चीर माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मी तिथंच जॅकवर बसलो.

खुटबावला गेलो तेव्हा मामा अंगणात पाटा-वरवंट्याची लाकडी बैठक करत बसले होते. मला पाहून त्यांनी करवत खाली ठेवली, घरात पाणी सांगितलं. मी डबी त्यांच्यापुढं उघडली. ते म्हणाले, तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून त्यांच्या कानाला कळत होतं. म्हणून त्यांनी माझ्याच पहिल्या चांगल्या बेंजोवरून पत्र्यावर माप उतरवून ठेवलं होतं, आणि माझी रेघ चुकली की ते त्या मापानं चीर पाडत.

मी विचारलं, शिरूरवाल्याला माप कुणी दिलं?

मामा पहिल्यांदा हसले. "मिस्त्री, माप चोराया पट्टी कशाला लागती? तुम्ही इकलेल्या परत्येक बेंजोवर ते उघडं पडल्यालं हाय. फूटपट्टी लावली की झालं."

आठ महिने खपून केलेलं, सात वर्षं खिशात लपवलेलं माप मी स्वतःच्या हातानं वरातीवरातीत पाठवत होतो. मग मला का नाही सांगितलंत, एवढंच मी विचारलं.

"सांगितलं आस्तं तर डबी कवा उघडली, ते आधी इचारलं आस्तं तुम्ही," मामा म्हणाले. "मी न्हाई उघडली कवा. चहाला धाडलं की समजायचं मला, आता डबी निघाली म्हून."

मी माफी मागितली. परत या म्हणालो, हवं तर शेडची किल्ली तुमच्याकडं ठेवा म्हणालो. मामांनी नाही म्हणून मान हलवली. मागं कुणी पिशवी बघंल अशा ठिकाणी आपला हात चालत नाही, असं ते शांतपणे म्हणाले. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग ते आत गेले आणि ती पत्र्याची पट्टी आणून माझ्या हातात दिली.

"हिला तुकडा लागत न्हाई. तपासून घ्या."

"नको मामा, तुमचं माप म्हणजे तपासायचं काय कारण," मी म्हणालो, आणि ते मी मनापासून म्हणालो.

पाटसला उतरलो, शेड उघडलं, भजनी मंडळाची पेटी काढली आणि पट्टी तपासायला बसलो. एका कोऱ्या बेंजोवर खुणा करून स्पोक नुसते टेकवले, सूर लावून पाहिले. शेवटच्या पडद्यापर्यंत सगळे सूर खरे निघाले. बरोबर निघाले म्हणून पुन्हा तपासले. पुन्हा बरोबर निघाले. तिसऱ्यांदा पेन्सिल हातात घेतली आणि सवयीनं, मान वर न करता, मी म्हणालो, "मामा, दोन चहा सांगून या."

समोर त्यांची बसायची जागा रिकामी होती. मी पेन्सिल खाली ठेवली, उठलो, आणि एकच चहा सांगून आलो.