दुखानच्या माळावर साहेबाच्या स्की

दुखानच्या तेलछावणीतून शुक्रवारी सकाळी आमची जीप निघाली तेव्हा मागून दोन लांब लाकडी फळ्या बाहेर डोकावत होत्या आणि माझ्या खिशात रजेचा अर्ज होता. फळ्या साहेबाच्या होत्या. अर्जावर सहीही त्याचीच हवी होती.

मी रत्नागिरीकडचा, छावणीच्या कचेरीत टायपिस्ट. कतारला येऊन तीन वर्षं झाली होती. मी बोटीत बसलो तेव्हा बायको गरोदर होती. आता ती पत्रात लिहायची की इब्राहिम अंगणभर धावतो आणि कोंबड्या त्याला घाबरतात. मी त्याला अजून पाहिलेलं नव्हतं. मुंबईची बोट मंगळवारी सुटणार होती, आणि साहेबाची सही तीन आठवडे 'उद्या' होती.

साहेब कॅनडातला, सस्कॅचेवान नावाच्या गवताळ, सपाट मुलखातला. त्याने बायकोकडून पुस्तकांची पेटी मागवली. तिने चुकून स्कीची पेटी धाडली. स्की म्हणजे बर्फावरून घसरत चालण्यासाठी पायांना बांधायच्या फळ्या. शहाण्या माणसाने त्या खाटेखाली ढकलल्या असत्या. साहेबाने छावणीबाहेरचा माळ बघितला आणि त्याला घर आठवलं. "आमच्याकडेही असंच सपाट," तो म्हणाला, "फक्त पांढरं." तेव्हापासून दर शुक्रवारी तो स्कीच्या वाटा शोधायचा आणि मी त्या वहीत लिहून घ्यायचो. सही त्याच्या हातात असल्यामुळे मलाही स्कीची अतोनात आवड निर्माण झाली होती.

त्या दिवशीचा पहिला थांबा खडीच्या माळावर. साहेबाने स्की बांधल्या, दोन्ही हातांत काठ्या घेतल्या आणि निघाला. विळीवर नारळ खवावा तसा आवाज येत होता. शंभर पावलांत तो तीनदा बसला. "वाट क्रमांक एक: खडबडीत," मी लिहिलं, आणि तोंड दुसरीकडे फिरवून हसून घेतलं.

पुढे वाळूची बुटकी टेकाडं लागली. स्कीच्या तळाला मेण लावावं लागतं, आणि ते साहेब छावणीत विसरला होता. मी पुढे होऊन म्हणालो, "साहेब, माझ्याकडे खोबरेल आहे. आमच्याकडे सगळ्याला हेच लावतात." अख्खी बाटली चोळली. साहेब टेकाडाच्या माथ्यावर उभा राहिला, काठ्या जोरात मारल्या, आणि तिथेच उभा राहिला. फळ्या उलट्या करून बघतो तर रवा लावलेल्या बांगड्यासारख्या दिसत होत्या. आमचा ड्रायव्हर मुबारक, तिथलाच कतरी, गाडीला टेकून डोळे पुसत होता. "साहब मजनून (वेडा)," तो मला म्हणाला. "तुम जास्ती मजनून."

टेकाडांपलीकडे एका म्हाताऱ्या बद्दूचा (भटक्या अरबाचा) काळा तंबू होता. त्याने आम्हाला बसवलं, खजूर दिले, गहवा (वेलदोड्याची कडू कॉफी) दिला. फळ्यांकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग मुबारकला काहीतरी विचारलं. मुबारकने मला सांगितलं, "पूछता है, इसका पाँव बीमार है? बोलता है, मेरा ऊँट ले जाओ." साहेबाने मान वाकवून शुक्रन (आभार) म्हटलं. म्हाताऱ्याची दया मात्र खरी होती, त्यामुळे मला हसता आलं नाही.

दुपारी जीप एकदम थांबली. "खलास," मुबारक म्हणाला. "आगे सबखा." सबखा म्हणजे खारी जमीन, वरून मिठाचा पापुद्रा, आत चिखल. साहेबाचे डोळे चमकले. समोर मैलभर पांढरं होतं. त्याने स्की घासून पुसून बांधल्या आणि त्या पापुद्र्यावरून तो असा सरकत गेला, की माझ्या तोंडून 'वा' निघून गेलं. पहिल्यांदाच तो पडला नाही. त्याच्यामागे वही घेऊन मी धावलो, आणि वीस पावलांवर मांडीपर्यंत रुतलो.

साहेब वळून परत आला. जवळ येऊन त्याने काठी पुढे केली. "धर!"

का कोण जाणे, मी काठी धरली नाही. अर्ज काढून वहीवर ठेवला आणि म्हणालो, "आधी सही."

"वेडा आहेस का? बाहेर ये!"

"सही केली नाहीत तर मी येणार नाही." रुतलेल्या माणसाने द्यायची ही धमकी नव्हे, हे मलाही कळत होतं.

साहेब स्कीवरच उकिडवा बसला. म्हणाला, "आधीचा टायपिस्ट रजेवर गेला तो परत आलाच नाही. तू गेलास तर शुक्रवारी मी कुणाबरोबर येऊ?"

मला त्याची कीव आली, आणि कीव आली म्हणून जास्तच राग आला. "साहेब, माझा मुलगा धावायला लागलाय. मी त्याला एकदाही उचललेलं नाही."

"नाव काय त्याचं?" साहेबाने विचारलं. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

"इब्राहिम."

त्याने पेन काढलं आणि सही केली. मग त्याने आणि मुबारकने दोर बांधून मला ओढून काढलं. माझा उजवा बूट अजून तिथेच असेल. वहीत मी लिहिलं, "वाट क्रमांक तीन: उत्तम."

मंगळवारी बोटीत बसलो. मुंबईहून कोकणची बोट धरून घरी पोचलो. अंगणात इब्राहिम होता. मी हात पुढे केले, तर तो आईच्या मागे जाऊन लपला. डब्यातली बिस्किटं त्याने घेतली, पण माझ्या हातून नाही. परमुलखाच्या गोष्टी ऐकायला सारी आळी जमली. मी साहेब पडून दाखवला, बद्दूचा उंट सांगितला, लोक पोट धरून हसले. इब्राहिम लांबून बघत राहिला.

चौथ्या दिवशी सगळे जेवायला बसलो असताना त्याने आईचा पदर ओढला आणि मोठ्याने विचारलं, "अम्मा, यो पावना कदी जानार?"

मी हसलो. बाकी कुणी हसलं नाही. माझ्या परतीची तारीख सगळ्यांना पाठ होती.