कापसाच्या खोलीतलं मशीन

मिस्त्री आमच्याकडे कधी बसले नाहीत. बाज टाका, खुर्ची टाका, उपयोग नव्हता. चहाचा कप हातात घेऊन ते अंगणात येरझाऱ्या घालायचे आणि कप रिकामा झाला की असतील तिथं ठेवून द्यायचे. त्यांचे कप मी गोठ्याच्या भिंतीवरून, हौदाच्या काठावरून, एकदा तर सायकलच्या कॅरिअरवरून उचलले आहेत. माझ्या नवऱ्यानं एकदा विचारलं, "मिस्त्री, मागं पोलीस लागले का?" ते म्हणाले, "पोलीस नाई भाऊ. बसलं की काम आठवते."

त्यांना नाव होतं, पण गावात ते कोणी घेत नसे. दुसरबीडच्या रस्त्याला त्यांचं वेल्डिंगचं टपरीएवढं दुकान होतं. आत जुनं, वजनदार, कांडीनं चालणारं मशीन. कोळपणीच्या डवऱ्याची पास, बैलबंडीचा आख, कुट्टीचं पातं, जे मोडेल ते तिथं जायचं. नवरा गेल्यावर मोडलेलं लोखंड मीच घेऊन जात असे.

लोखंड हातात घेण्याआधी ते एकच विचारायचे, "मोडलं कसं?" लोक म्हणायचे, आपोआप मोडलं. मग मिस्त्री ते लोखंड परत त्यांच्या पायाशी ठेवायचे. "लोखंड आपोआप मोडत नाई. दगडावर घातलं म्हना ना. म्या काय तुमच्या बापाले सांगतो?" खरं सांगेपर्यंत हात लावत नसत. लोक चिडायचे, पण दुसरीकडं जात नसत, कारण त्यांचा जोड पुन्हा उकलत नसे.

कापसाचं बीटी बियाणं आलं तेव्हा पहिली काही वर्षं बरी गेली. मग गुलाबी अळी आली. बोंड वरून चांगलं दिसायचं, फोडलं की आत अळी. माझा मुलगा गजानन दोन वर्षं फवारत राहिला. तिसऱ्या वर्षी त्यानं पंप भिंतीला टांगला आणि घरी वापरायचं नव्या तऱ्हेचं वेल्डिंग मशीन आणलं. त्याला कांडी लागत नाही. मशीनच्या पोटात तारेचं रीळ असतं, मुठीचा खटका दाबला की तार लांब नळीतून आपोआप पुढं येते आणि वितळते. काम तो अंगणात करायचा, पण मशीन ठेवायला जागा एकच होती, पुढची खोली. तिथं छतापर्यंत कापूस भरला होता. भाव येईल म्हणून मी तो विकला नव्हता.

महिनाभर मशीन चांगलं चाललं. मग तार अडखळायला लागली आणि आठवडाभरात यायचीच बंद झाली. एका लग्नघराचं लोखंडी फाटक अंगणात अर्धं पडलेलं. गजाननानं आतला, तारेवर रोलर दाबणारा स्क्रू आवळला. तार आतच गोळा झाली, चिमणीच्या घरट्यासारखी. कापली, नवी ओवली, पुन्हा घरटं. मेहकरहून तो नळीच्या तोंडाचं तांब्याचं टोपण नवं घेऊन आला. फरक नाही. मग त्यानं मशीनला लाथ मारली.

चाकणच्या ठेकेदाराचा फोन येऊन गेला होता. सोमवारी हजर झाला तर काम होतं. गजाननानं शुक्रवारी पिशवी भरली. लग्न झालेलं नव्हतं; शेतकऱ्याला मुलगी द्यायला कोणी तयार नव्हतं, म्हणून त्याला अडवणारं घरात दुसरं कोणी नव्हतं. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. पण मला त्या घरात एकटं राहायचं नव्हतं. शुक्रवारभर मी उगीच भांडी हलवत राहिले.

शनिवारी सकाळी मिस्त्रींच्या दुकानात गेले. जायची लाज वाटत होती. जी खिडक्या-फाटकं पूर्वी त्यांच्याकडं जायची, ती आता माझ्या अंगणात यायला लागली होती. मी तोंडावर सांगितलं, "मिस्त्री, गजाचं मशीन बंद पडलं. ते सुधरलं तर तुमचंच काम जाईल. यायचं तर या."

"माहं काम अळीनं नेलं, भाभी. वावरात काम कमी, तं मोडनंबी कमी. गजानं काय नेलं?" असं म्हणत ते माझ्या पुढं चालायलाही लागले.

आल्याबरोबर त्यांनी मशीन कापसाच्या खोलीतच सुरू करायला लावलं. हात पाठीमागं बांधून ते भोवती फिरत राहिले.

"मोटार चालते. रोलर फिरून राह्यला. मंग तार काऊन येत नाई बे?"

"चाचा, मशीनच खराब आहे. दुकानदारानं फसवलं."

"हा स्क्रू किती आवळला?"

"होईल तितका."

"पाह्य, तार चपटी केली तू. गळा दाबल्यावर कोनी बोलते का?"

त्यांनी स्क्रू ढिला केला. रीळ हातानं फिरवलं, सहज फिरलं. टोपण काढून खटका दाबला. तार आली नाही. मग पुढचं टोक पकडीत धरून ओढलं, तर ती शेणात रुतलेल्या पायासारखी जड आली. "म्हंजे रीळ बरं, रोलर बरा, टोपन बरं. अडलं ते नळीत."

हे बोलताना ते सारखे मान खाजवत होते. साठवलेला कापूस अंगाला खाज आणतो. आम्हाला सवय झाली होती, त्यांना नव्हती. खाजवता खाजवता त्यांनी वर पंख्याकडं पाहिलं. पात्यांवर पांढरी लव बसली होती. मग वाकून रिळाकडं पाहिलं. तिथंही तीच. त्यांनी तारेवर बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"तेल कोनं लावलं?"

"मी नाई," गजानन म्हणाला.

मिस्त्री थांबले. मशीनवरचा हात त्यांनी काढून घेतला. आता खरं सांगेपर्यंत ते काही करणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. गजाननची पिशवी दाराशीच होती.

"म्या लावलं," मी म्हटलं.

"माय, तू?"

"तार अडखळत होती. तू घरी नसला तवा शिलाई मशीनचं तेल लावलं. तीन-चार वेळा. चालावं म्हून."

मिस्त्री हसले. "भाभी, तार कोरडी पायजे. तेलाले कापूस चिकटला अन् तारेनं तो आत नेला. चांगली दिव्याची वात वळून ठेवली तुमी."

त्यांनी नळी सोडवली, खांद्यावर टाकली आणि पंक्चरच्या दुकानात नेऊन एका तोंडातून हवा मारली. दुसऱ्या तोंडातून बोटाएवढा काळा, तेलकट बोळा बाहेर पडला. रिळावरचे वरचे वेढे त्यांनी कापून टाकायला लावले. मग पुढं लाकडाची फळी धरली, तिच्यावर तार सोडली आणि रोलर घसरायचा थांबेल एवढाच स्क्रू आवळला. तार फळीवर आदळून वळत राहिली. गजानन लहान मुलासारखा बघत होता.

"आता या खोलीत कापूस राहील, नाई तर मशीन," मिस्त्री म्हणाले.

"भाव नाही ना," मी म्हटलं.

"भाव मले समजत नाई. मले तार समजते."

मी सकाळपर्यंत तळमळले. रविवारी गाडी बोलावून कापूस मिळेल त्या भावात भरून दिला. त्याच दिवशी फाटक पुरं झालं. सोमवारी पिशवी होती तिथंच राहिली आणि आठ दिवसांनी तिच्यातले कपडे मी धुवायला काढले.

त्यानंतर गावाचं लोखंड गजाननकडं यायला लागलं. मिस्त्री मधूनच येऊन त्याचे जोड तपासायचे, शिव्या द्यायचे, आणि आपल्या दुकानाकडं जायचे. तिथं दिवसदिवस ठिणगी उडत नसे. अंगणातून मला ते दिसायचं.

दोन पावसाळ्यांनंतर एक दिवस ते हातात पेटी घेऊन दारात आले. जालन्याला सळईच्या कारखान्यात राखणीचं काम मिळालं होतं.

"या वयात?" मी विचारलं.

"इथं हात रिकामे राहून राह्यले, भाभी."

अंगणात गजानन कुणाचा तरी आख जोडत होता. मिस्त्री तिथूनच ओरडले, "चष्मा लाव बे! डोळे काय बापानं दुकानातून आनले?" गजाननानं चष्मा लावला. मिस्त्री एसटीकडं निघाले.

थांबा म्हणणं माझं काम होतं. मी म्हटलं नाही. माझा मुलगा मी ठेवून घेतला होता, आणि दोघांना पुरेल इतकं लोखंड आमच्या गावात मोडत नव्हतं.