शाळा हलली, शिक्षक राहिले

जुन्या इमारतीला तडे गेले, तेव्हा सरकारी शाळा शहराबाहेर नऊ किलोमीटरवर हलवायचं ठरलं. मुलांची सोय वरच्या कार्यालयाने बघितली. शिक्षकांचं काय, हे कुणी विचारलंच नाही.

मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. निवृत्तीला चार वर्षं उरली होती. कार्यालयातल्या साहेबांनी त्यांना जाता जाता सांगितलं, "मागे एक शाळा अशीच हलवली होती. वर्षभरात निम्मे शिक्षक बदली घेऊन गेले. तयारी ठेवा."

चौदा शिक्षक बाईंनी एकेक करून जमवले होते.

नव्या शाळेत पहिल्याच आठवड्यात कुरबुर सुरू झाली. विज्ञानाच्या बाई, म्हणजे सगळ्यांत तरुण शिक्षिका, रोज दहा मिनिटं उशिरा, घामाघूम होऊन यायच्या. घरी आठ महिन्यांची लेक होती. एकदा त्या स्टाफरूममध्ये म्हणाल्या, "शिकवायला कंटाळले नाहीये मी, पोचायला कंटाळलेय."

ते वाक्य मोठ्या बाईंच्या मनात घर करून राहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली स्कूटर घरीच ठेवली आणि आठवडाभर बसने गेल्या. तेव्हा कळलं, की खरी रखडपट्टी शेवटच्या थांब्यानंतर होती. तिथून शाळेपर्यंत दीड किलोमीटर उन्हात, धुळीत पायपीट. आणि बस मात्र त्याच थांब्यावर वीस मिनिटं नुसती उभी!

बाई तडक बसडेपोत गेल्या. डेपोचे साहेब आधी ऐकेचनात.

"अहो बाई, ती वीस मिनिटं ड्रायव्हरच्या चहाची असतात."

"चहा शाळेत पाजते मी. कंडक्टरलाही."

"पण थांबा मंजूर नाही ना तिथे."

"मग मंजूर करा. अर्ज लिहूनच आणलाय."

साहेब हसले. पंधरा दिवस हेलपाटे घालायला लावले, पण बस शाळेच्या फाटकापर्यंत येऊ लागली.

वेळापत्रकाचं मात्र अवघड गेलं. लहान मुलं असलेल्यांना पहिला तास नको, असं बाईंनी ठरवलं, तर खेळाचे सर उसळले. "मला पोरंबाळं नाहीत, म्हणून पहिला तास जन्मभर माझ्याच गळ्यात?" त्यांचं काही चुकत नव्हतं. मग बाईंनी आठवड्यातले चार पहिले तास स्वतःच्या नावावर लिहिले. वीस वर्षांनी त्या पुन्हा सातवीला भूगोल शिकवू लागल्या. नकाशा काढताना रेषा वाकडी जायची, तरी मजा येत होती. ते बघून खेळाचे सर पुटपुटले, "त्यातले दोन माझ्याकडे राहू द्या."

बदलीचे अर्ज द्यायचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारपर्यंत बाई कामात जीव रमवत होत्या, पण कान दाराकडे होते. तीनच्या सुमारास कारकून दोन लिफाफे घेऊन आला.

पहिला इतिहासाच्या सरांचा. त्यांचे वडील अंथरुणाला खिळले होते, त्यांना घराजवळचीच शाळा हवी होती. बाईंनी सही केली आणि त्यांना स्वतः जाऊन सांगितलं, "वडिलांना सांभाळा. इथली काळजी करू नका."

दुसऱ्या लिफाफ्यावर विज्ञानाच्या बाईंचं अक्षर होतं. मोठ्या बाईंनी तो बराच वेळ उघडलाच नाही. कारकून ताटकळला. "बाई, पाचला फाईल जायचीय."

त्यांनी लिफाफा फोडला. आत तीन दिवसांच्या रजेचा अर्ज होता. धाकट्या बहिणीचं लग्न होतं.

"एवढंच?" बाई मोठ्याने म्हणाल्या.

"म्हणजे? अजून किती हवी होती रजा?" कारकून गोंधळला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या हसायलाच लागल्या, इतक्या की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. चौदातले तेरा राहिले होते. रजा मंजूर करून त्या घरी गेल्या आणि कित्येक महिन्यांनी भर संध्याकाळी गाढ झोपल्या. नवऱ्याने जेवायला उठवलं, तेव्हा म्हणाल्या, "दहाच मिनिटं हो, आज कुणी कुठे जात नाहीये."