पाचवी बाई

बस स्टँडच्या स्वच्छतागृहात मावशी नऊ वर्षं काम करत होती आणि नऊ वर्षांत तिनं गोड बोलणाऱ्या कुणाचंही काहीही खरं मानलं नव्हतं. दाराशी तिचं स्टूल, पाठीमागे फळी आणि फळीवर साबणाच्या डब्या. ज्यांना घर नाही ते आपला साबण तिच्याकडे ठेवून जात. एका डबीला दोरा गुंडाळलेला, दुसरीवर नेलपॉलिशचा ठिपका. कोणती डबी कुणाची हे तिला पाठ होतं, पण दुसऱ्या कुणी विचारलं तर ती ताकास तूर लागू देत नसे.

तिच्याबद्दलचीही एक गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. बायकांच्या बाजूला टोकाशी एक स्टोअर होतं. फिनेलचे कॅन, खराटे, ब्लीचिंग पावडरची पोती. रात्री कुलूप लावून मावशी सगळ्यांदेखत घरी निघाल्यासारखी निघे, स्टँडला वळसा घाली, मागच्या दारानं आत येई आणि दोन पोत्यांच्या मधल्या जागेत वळकटी पसरी. लांब गावी दिलेल्या मुलीला ती फोनवर सांगे, "स्टाफची खोली आहे गं, पंखासुद्धा आहे." मुकादमाला हे कळलं असतं तर वळकटीबरोबर नोकरीही गेली असती. तशीही ती चौदा महिन्यांनी जाणारच होती. साठी पुरी झाली की ठेकेदार कुणाला ठेवत नसे. मग झोपायचं कुठं, हा विचार रोज तिच्याआधी पोत्यांमध्ये येऊन पडलेला असे.

एका दुपारी गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एक बाई आल्या. निवृत्त शिक्षिका. चार दिवसांनी पहाटे शहरातल्या बेघर माणसांची मोजणी आहे, आपण स्वयंसेवक आहोत, असं त्यांनी सांगितलं.

"पगार किती देतात?" मावशीनं विचारलं.

"काहीच नाही."

इथंच मावशीच्या मनात पाल चुकचुकली. फुकटात पहाटे उठून दुसऱ्याची माणसं मोजणारी बाई सरळ असेलच कशी? काही वर्षांपूर्वी फाटकाबाहेरच्या फेरीवाल्यांची अशीच मोजणी झाली होती. प्रत्येकाला नंबराचा बिल्ला मिळाला, सगळे खूश. आठव्या दिवशी ट्रक आला आणि नंबरवारीनं गाड्या उचलून घेऊन गेला.

"गेल्या वर्षी इथं एकही बाई सापडली नाही," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "बायका असतात कुठं रात्रीच्या?"

"घरी," मावशी म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. फळीकडे बघत म्हणाल्या, "एवढे साबण?"

"पाणी जड आहे इथलं."

बाई निघाल्या, पण दारात थांबून एक वाक्य बोलून गेल्या. बंद पडलेला तिकीट हॉल निवाऱ्यासाठी द्यायचा विचार आहे. पण बायकांची वेगळी खोली हवी तर निदान पाच बायका मोजणीत आल्या पाहिजेत. त्याही स्वयंसेवकानं स्वतः झोपलेल्या पाहिलेल्या. सांगोवांगी चालत नाही.

मावशीनं पुढचे दोन दिवस या वाक्याला उलटंपालटं करून पाहिलं. यात कुठंतरी पाणी मुरत होतं, पण कुठं ते सापडेना. आणि खोलीही डोळ्यांसमोरून हलेना. बायका मोजणीत येत नव्हत्या, कारण त्या आडव्याच होत नव्हत्या. बाईमाणूस उघड्यावर झोपलं की काय होतं ते त्यांना सांगायला नको होतं. शेवटच्या बसनं टोकाला जायचं, पहिल्या बसनं परत यायचं, मधला वेळ दवाखान्याच्या बाकावर कुणाची तरी नातेवाईक असल्यासारखं ताठ बसून काढायचा. सकाळी मावशीकडे तोंड धुतलं, केस विंचरले, की ऑफिसला निघालेली बाई आणि ती यांत फरक सांगता येत नसे.

अशा चौघींच्या डब्या फळीवर होत्या. मावशीनं त्यांना एकत्रच आरशापाशी गाठलं.

"परवा पहाटे पावणेपाचला सात नंबरच्या फलाटावर येऊन पडायचं. अर्धा तास. पाच जणी मोजणीत आल्या तर बायकांना खोली मिळेल."

"आणि तुला काय मिळणार?" नेलपॉलिशवालीनं विचारलं.

"मला काय मिळायचंय? डोक्याला ताप."

"मग एवढी साखर का पेरतेस, मावशे? कधी साबणाला पाणी जास्त घेतलं तरी खेकसतेस."

"चौघीच होतोय आम्ही," दोरावाली म्हणाली. ती वयानं सगळ्यांत मोठी, आणि हिशेबाला पक्की. "पाचवी कोण?"

"आणते मी," मावशी म्हणाली. चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्या क्षणी त्यांना मावशी जेवढी संशयास्पद वाटली, तेवढ्या मावशीला शिक्षिकाबाईही वाटल्या नव्हत्या.

तरी त्या आल्या. फलाटावर चौघींनी चपला उशाला घेतल्या, अंग चोरून पडल्या. आणि मावशी वळकटी काखोटीला मारून आली, ती टोकाच्या बाकाखाली पसरली आणि शाल डोक्यावरून ओढून आडवी झाली. थोड्या वेळानं नेलपॉलिशवाली हळूच म्हणाली, "तूसुद्धा?"

"गप पड."

स्वयंसेवक उशिरा आले. पाच वाजले तेव्हा ते अजून तीन नंबरवर होते. पाचला स्वच्छतागृह उघडायचं; नऊ वर्षांत एक मिनिट चुकलं नव्हतं. पलीकडे कुणीतरी दार बडवायला लागलं. मग मुकादमाचा आवाज आला. नेमका आजच तो फेरीला उगवला होता.

"मावशी! कुठं उलथली ही बाई?"

उठली असती तर भागलं असतं. पोट बिघडलं होतं, डोळा लागला होता, सबबींना तोटा नव्हता. पण उठली असती तर फलाटावर चारच उरल्या असत्या. ती शालीखाली तशीच पडून राहिली.

शिक्षिकाबाईंनी चौघींना विचारून लिहून घेतलं आणि बाकापाशी आल्या. शाल जरा सरकली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"मावशी, हे बरोबर नाही हं. आकडा भरायला उगाच कुणाला झोपवता येत नाही. तुम्ही तर इथं नोकरीला."

एवढी वर्षं दुसऱ्यांवर घेतलेला संशय असा स्वतःवर आला, आणि खोडून काढायला मावशीपाशी एकच गोष्ट होती. तिला शोधत मुकादम फलाटावर आला होता, बाईंच्या खांद्यामागे उभा होता.

"काल रात्री कुठं झोपलात?" बाईंनी नियमाप्रमाणे विचारलं. त्यांचा आवाज अजून कोरडाच होता.

मावशी उठून बसली. मुकादमाकडे न बघता म्हणाली, "स्टोअरमध्ये. फिनेलच्या कॅनांशेजारी. नऊ वर्षं झाली. खोटं वाटत असेल तर चला, भिंतीवर डोक्याच्या तेलाचा डाग पडलाय, दाखवते."

मुकादमानं हात पुढे केला.

"चावी द्या, मावशी. लोक खोळंबलेत. बाकीचं नंतर बघू."

"देते," मावशी म्हणाली. "आधी यांचं लिहून होऊ दे."

बाई लिहायला लागल्या. मावशीनं मान वाकडी करून कागदावर डोळा ठेवला. बाईंचा तिला अजूनही भरवसा नव्हता.