आकड्यावरची रेघ

चहा निवला तरी चालेल, पण हे ऐका. बायकोच्या आठवणीची पाटी करताना मी जो घोळ घातलाय, तो अख्ख्या रत्नागिरीत दुसऱ्या कुणाला जमला नसता.

आमची नीला शाळेत गणित शिकवायची, मी मराठी. तिला रोमन आकड्यांचं भारी वेड. पावस गावातल्या आमच्या बागेत हापूसच्या कलमांना तिनं रोमन क्रमांक घातलेले. "एलएक्सचा आंबा उतरवलात का?" असं ती साठाव्या कलमाबद्दल गड्याला विचारायची आणि गडी माझ्या तोंडाकडे बघायचा. मी आकाशाकडे.

ती गेली. बागेत ती जिथे पेपर तपासत बसायची, तिथे मी चिऱ्याचं बाकडं बांधून घेतलं. त्याला काळ्या दगडाची पाटी. वर नाव, खाली ती गेली ते साल. साल मात्र तिच्या आकड्यांत हवं, एवढाच माझा हट्ट.

पाटी कोरणाऱ्याला मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. MMXXIV, म्हणजे दोन हजार चोवीस.

"सर, ही वरची रेघ पण घ्यायची?"

"म्हणजे काय? रेघेशिवाय अक्षर बोडकं दिसतं."

आता बघा, मुलांना शिरोरेघ द्यायला लावण्यात माझा जन्म गेला. हाताला तेवढंच ठाऊक. त्या हातानं या अक्षरांच्या डोक्यावरूनही सरळ रेघ ओढून दिली होती. वर माझी ऐट अशी, की म्हटलं, "ठळक कोरा."

आमची मुलगी मनू मुंबईला असते. आई गेल्यापासून ती बागेत पाऊल टाकत नव्हती. दर खेपेला नवं कारण. या खेपेला मी म्हटलं, "निदान बाकडं तरी बघ." आली. पाटीसमोर वाकली, आकड्यावरून बोट फिरवलं आणि तिचे खांदे हलायला लागले. मी रुमाल पुढे केला.

ती हसत होती.

"बाबा, ही रेघ कुणी दिली?"

"मी. का गं?"

"अरे, रोमनमध्ये मोठे आकडे असेच लिहितात. वर रेघ आली की आकडा हजारपट. आईनं तुला कधी सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. मी हो हो म्हणत पेपर वाचत असेन."

"मग हे झालं वीस लाख चोवीस हजार."

"काय?"

"साल."

आम्ही दोघं बाकड्यावर टेकलो.

"आईनं शून्य दिलं असतं तुला."

"आणि पालकांना घेऊन ये म्हणाली असती."

मनू पुन्हा हसली. हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि मग तो रुमाल लागलाच.

पाटीवाला म्हणतो, "सर, आणून द्या, रेघ बुजवून देतो." मी आज आणतो, उद्या आणतो करतोय. कारण पाटीच्या हिशेबानं नीला अजून गेलेलीच नाही. जायला वीस लाख वर्षं आहेत. संध्याकाळी मी बाकड्याच्या एका टोकाला बसतो, मधे बसत नाही.

मनू म्हणते, "तेवढ्या वेळात आई तुला गणित शिकवेल."

मी नीलाला ओळखतो. ती म्हणाली असती, मुदत वाढवून घ्या.