मिस्त्रींचा लेथ

रोह्याच्या मिस्त्रींना अर्धांगाचा झटका आला, तेव्हा पेणला माझं स्वतःचं छोटं वर्कशॉप होतं. लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचं, काम मी त्यांच्याच शेडमध्ये शिकलो होतो. काही महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, काकूंचा, निरोप आला. मशीन विकायचीय, आधी तुला विचारायला सांगितलंय.

मी गेलो. मिस्त्री शेडमध्ये खुर्चीवर बसलेले, उजवा हात मांडीवर निर्जीव. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. आधी तपासून घे, म्हणाले.

"तपासायचं काय त्यात? नेतो मी," मी म्हणालो.

"नाय. शिकवलंय तसं तपास. माझ्यासमोर."

मग मी लेथ तपासला. काम पकडून फिरवणारा चक हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐकला. चक सरळ फिरतो का बघायला डायल लावला, काटा जेमतेम हलला; तिथे ठीक होतं. मग बेडवरून, गाडी सरकते त्या लांब पट्टीवरून, नख फिरवलं. चकपाशी, जिथे रोजचं काम चालायचं, तिथे बेड झिजला होता. हत्यार धरणारी गाडी तिथे सैल चालायची. ती घट्ट केली की दुसऱ्या टोकाला जाऊन अडकायची.

"बोल," मिस्त्री म्हणाले.

"बेड गेलाय. लांब शाफ्ट सरळ निघणार नाय."

"म्हणजे खराब हाय का रे मशीन?" काकूंनी दारातून विचारलं.

"बरोबर बोलतोय तो गो," मिस्त्री म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "गिऱ्हाइकांना कळलं नाय. मला कळत होतं."

त्या वेळी मला काहीतरी वाटायला हवं होतं. मी कापडाने डायल पुसला आणि डबीत ठेवला.

पुढच्या आठवड्यात तिघांना घेऊन न्यायला गेलो. गणपतीचे दिवस जवळ आलेले, टेम्पो मिळता मिळत नव्हता. शेवटी हमरापूरचा, गणपतीच्या मूर्ती वाहणारा एक मिळाला. हौद्यात मूर्तींखालचा पेंढा तसाच होता. आम्ही पहारीने लेथ उचलून खाली पाईप सरकवले आणि ढकलत दारापर्यंत आणला. उंबऱ्यावर चढवताना मिस्त्री एकदम घशातून आवाज काढू लागले. शब्द फुटेना. त्यांनी डाव्या हाताने पाठीमागच्या पत्र्यावर थाडथाड मारलं. मी थांबलो. चकाकडची जड बाजू माझ्या एका माणसाच्या अंगावर कलत होती. त्याला मागे ओढलं, खाली लाकूड सारलं. लेथ लाकडावर टेकला. मिस्त्रींच्या तळहाताला पत्रा लागून रक्त आलं होतं. काकूंनी हळद लावली.

कोलाडमार्गे पेणला आलो. वाटेत चहाला थांबलो नाही.

बेड ग्राइंडिंगने घासून सपाट करून आणला, लेव्हल लावून बसवला. भाताच्या गिरणीचा एक लांब शाफ्ट त्यावर कातून काढला, तो टोकापासून टोकापर्यंत सरळ निघाला. मी रोह्याला फोन केला. काकूंनी रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला.

"मिस्त्री, सरळ निघाला."

मग ते म्हणाले, "तेल घालत जा."

ते गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याच लेथवर होतो. चकात लावलेलं काम पुरं केलं, मशीन बंद केली, रॉकेलने हात धुतले आणि स्टँडवर गेलो. रोह्याची एसटी भरलेली होती. नागोठण्याला बसायला जागा मिळाली.