प्रकार ओळखणारे डॉक्टर

“प्रकार कळला!” पेशंट खुर्चीत टेकतो न टेकतो तोच आमचे डॉक्टर म्हणायचे. सोलापुरात त्यांच्या मनोविकारांच्या दवाखान्यात मी केसपेपर काढायचे. अर्ध्या मिनिटात माणूस ओळखणारे महाभाग तुम्हीही पाहिले असतील. आमच्याकडे त्यांच्यासाठी लोक रांग लावून बसत.

गंमत म्हणजे व्यक्तिमत्त्व विकारांवरचं ताजं संशोधन त्यांना तोंडपाठ होतं. परिषदेत तावातावाने सांगायचे, “प्रकारांचे कप्पे आता जुने झाले. त्रास किती खोल आहे ते बघा. गोळ्यांपेक्षा दर आठवड्याला बोलणं महत्त्वाचं.” टाळ्या घेऊन सोमवारी दवाखान्यात आले की पुन्हा तेच कप्पे, आणि माणशी सात मिनिटं. एवढं वाचून इतका कोरडा राहिलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

महानंदा अक्कलकोटच्या पलीकडून आईबरोबर आली. वय बावीस. जवळच्या कुणी जरा पाठ फिरवली की ती सैरभैर व्हायची, स्वतःला इजा करून घ्यायची.

“प्रकार कळला! बॉर्डरलाइन,” डॉक्टर म्हणाले.

“व्हय की साहेब, आमी बॉर्डरवरचेच,” आई म्हणाली. “वढ्याच्या पल्याड कर्नाटक हाय.”

डॉक्टर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मीही हसले, त्याची आज लाज वाटते. त्या शब्दाचा अर्थ मात्र कुणीच तिला सांगितला नाही. पुढच्या परिषदेत त्या बाईचा किस्सा झाला.

मायलेकी पुन्हा फिरकल्या नाहीत, म्हणून मी फोन लावला. आई म्हणाली, “तिला अकलूजला मावशीकडं ठिवलंय. बॉर्डरपासनं लांब. आता बरी व्हईल न्हवं?”

आपल्याला कुणी दूर लोटेल ही धास्ती, हाच तर त्या पोरीचा आजार. आणि आमच्या एका शब्दापायी तिला घरापासून लांब धाडलं होतं. मी संतापून केबिनमध्ये शिरले, सगळं सांगितलं आणि फोन डॉक्टरांच्या हातात कोंबला. ते प्रथमच अडखळत बोलले. “बॉर्डर नाही हो, आजाराचं नाव आहे ते. मी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. तिला घेऊन या. दर मंगळवारी मी बोलेन तिच्याशी.”

ती आली. दोन मंगळवार ते खरोखर तासभर ऐकत बसले. दुसऱ्या वेळी ती हसत बाहेर पडली. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी डॉक्टर मला आवडले.

तिसऱ्या मंगळवारच्या आधीच दवाखाना दुसऱ्या डॉक्टरांना देऊन ते पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात रुजू झाले. तिला सांगायचं त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही. अशा पेशंटला मध्येच सोडू नये, असं ते हल्ली तिथल्या तरुण डॉक्टरांना शिकवतात म्हणे.

त्या मंगळवारी महानंदा वेळेआधीच आली होती. डॉक्टर पुण्याला गेले, हे मीच तिला सांगितलं. तिने केबिनच्या दाराकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, “ताई, माजं काय चुकलं वो?”